लेकरू कोणाचे, कॅमेरा कोणाचा?

कायदा हाही एक मजकूर असतो. कथा-कादंबरीची समीक्षा करताना आपण विचारतो, की या कलाकृतीच्या केंद्रस्थानी कोणता माणूस उभा आहे, कोण केवळ उल्लेखापुरता येऊन जातो आणि कोणाला लेखकाने मुळी पाहिलेलेच नाही. हेच प्रश्न कायद्याला विचारण्याची सवय आपल्या समीक्षेने अजून लावून घेतलेली नाही. जुन्या धर्मशास्त्रांना आपण हे प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे जाळून टाकली. आजच्या कायद्यांपुढे आपण थोडे संकोचतो, कारण ते संविधानाच्या छायेत तयार होतात आणि संविधान आपले आहे. परंतु संविधान आपले आहे म्हणूनच त्याच्या छायेतील प्रत्येक कायद्याला प्रश्न विचारण्याचा पहिला अधिकारही आपलाच ठरतो.

प्रस्तुत लेखाचा विषय वरकरणी महानगरी वाटेल. मोबाइलवर व्हिडिओ करणारी माणसे, ते पाहणारी मुले आणि त्या मुलांच्या खासगीपणाचे रक्षण करण्यासाठी झालेले नियम, असा हा विषय आहे. जुन्या जालन्यातील वस्तीचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. कुंडलिकेच्या या काठावर घरात पुस्तकांचे कपाट नसेल, पण मोबाइल आहे. चौदा एप्रिलला चौथीतली पोर बाबासाहेबांवर भाषण करते, तेव्हा ते टिपणारे पाच-सहा हात वर असतात आणि रात्रीपर्यंत ते भाषण यूट्यूबवर गेलेले असते. २०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी स्वतःच्या मोबाइलवर धडे टिपून मुलांपर्यंत पोचविले. ज्यांना वर्तमानपत्राने, नभोवाणीने आणि दूरदर्शनने पिढ्यान्‌पिढ्या जागा दिली नाही, त्यांच्या हाती आलेले हे पहिले माध्यम आहे. त्यामुळे त्यासाठीचे नियम कोण, कोणासाठी आणि कोणता माणूस समोर ठेवून करतो, हा आपला प्रश्न आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. अमेरिकेने १९९८ साली मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाच्या संरक्षणाचा कायदा केला. आद्याक्षरांवरून त्याला ‘कोप्पा’ म्हणतात. एप्रिल २००० पासून त्याचे नियम अमलात आले. तेरा वर्षांखालील मुलाची माहिती पालकाच्या संमतीवाचून गोळा करायची नाही, हा त्याचा गाभा. यूट्यूब अनेक वर्षे सांगत राहिली, की आमचे व्यासपीठ तेरा वर्षांखालील मुलांसाठी नाहीच. खेळणी विकणाऱ्या कंपन्यांपुढे मात्र मुलांपर्यंत पोचणारे अग्रेसर माध्यम म्हणून ती स्वतःची जाहिरात करीत होती. हा दुटप्पीपणा तेथील संघराज्य व्यापार आयोगाने पकडला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये गूगल व यूट्यूब यांनी १७ कोटी डॉलर भरून समझोता केला. त्या समझोत्यानुसार जानेवारी २०२० पासून व्हिडिओ टाकणाऱ्या प्रत्येकाला सांगावे लागते, की हा व्हिडिओ मुलांसाठी बनविलेला आहे की नाही. हे बंधन यूट्यूबने साऱ्या जगाला लावले. वॉशिंग्टनमधील समझोत्याची अंमलबजावणी अशा रीतीने जालन्यातही सुरू झाली.

‘मुलांसाठी’ अशी खूण केली की काय होते? त्या व्हिडिओखालचे अभिप्राय बंद होतात. नवा व्हिडिओ आला हे सांगणारी घंटा बंद होते. आणि पाहणाऱ्याच्या सवयींवर पाळत ठेवून त्याला उद्देशून दाखविली जाणारी जाहिरात बंद होते. ही शेवटची गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण व्हिडिओ करणाऱ्याचे पोट तिच्यावर आहे. जाहिरात दोन प्रकारची असते. एक, व्हिडिओचा विषय पाहून लावलेली; स्वयंपाकाच्या व्हिडिओवर मसाल्याची असते तशी. दुसरी, पाहणाऱ्याचा माग काढून लावलेली. तो काल काय पाहत होता, कोठे होता, काय विकत घेणार होता हे हेरून. दुसरीला भाव जास्त मिळतो. ती थांबली की व्हिडिओ करणाऱ्याच्या हाती येणारा वाटा घटतो. खूण चुकीची केली, तर दंडाची भीती. त्या वर्षी एका उल्लंघनाला ४२ हजार डॉलरांहून अधिक दंडाची तरतूद होती आणि चॅनल चालविणाऱ्यालाही आयोग जबाबदार धरू शकत होता. हे नियम पुन्हा तपासावयाचे म्हणून २०१९ साली आयोगाने लोकांची मते मागविली, तेव्हा पावणेदोन लाखांवर मते आली. मराठी वस्तीतले एकही मत तेथे निर्णायक असण्याचा संभव नव्हता.

येथे समीक्षेचा पहिला प्रश्न येतो. या नियमाने व्हिडिओ करणारा म्हणून कोणता माणूस मनाशी धरला होता? वकील पदरी असलेली कंपनी. नियमाचा उद्देश मोठ्यांना वेसण घालण्याचा होता आणि तो योग्यच होता. परंतु झाले काय? अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञांनी या बदलाचा जो अभ्यास केला, त्यात मुलांसाठीच्या चॅनलांची निर्मिती १३ टक्क्यांनी घटल्याचे आणि त्यांचा प्रेक्षक २२ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. त्याहून महत्त्वाचे असे, की उरलेली निर्मिती आणि उरलेला प्रेक्षक वरच्या काही मोठ्या चॅनलांकडे अधिकच एकवटला. मोठा माणूस घटलेल्या भावातही संख्येच्या बळावर तगतो. लहान माणूस सोडून देतो. मोठे काय करतात हेही पाहावे. सप्टेंबर २०२५ मध्ये डिस्ने कंपनीने १ कोटी डॉलर भरून त्याच आयोगाशी समझोता केला. तिच्या मुलांच्या व्हिडिओंवर मुलांसाठीची खूणच नव्हती, असा तो आरोप होता. दंड भरणे हा काहींच्या धंद्याचा खर्च असतो, तर काहींचा धंदाच नुसत्या दंडाच्या भयाने बुडतो.

आपल्याकडील लहान व्हिडिओकाराची अवस्था याहून बिकट आहे. यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा मिळण्यासाठी २०१८ पासून एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिले जाणे ही अट आहे. मराठी बालगीते, भीमजयंतीची भाषणे, बुद्धवंदना, पाढे, चौथीचे गणित असे काहीबाही टाकणारा वस्तीतला पोरगा ती गाठता गाठता थकतो. त्यातच त्याला ठरवावे लागते, की हे भाषण मुलांसाठी आहे की नाही. बोलणारी मुलगी नऊ वर्षांची आहे, ऐकणारी तिची आजी आहे, आणि विषय आहे चवदार तळे. नियमानुसार व्हिडिओत मूल दिसले म्हणजे तो मुलांसाठीच ठरतो असे नाही. विषय, भाषा, सजावट, अपेक्षित प्रेक्षक असे अनेक निकष एकत्र पाहावयाचे असतात. पण हे निकष मराठीतून समजावून सांगणारा वकील त्याच्याजवळ नाही. भीतीने तो ‘मुलांसाठी’वर बोट ठेवतो. मग भाषण ऐकून हेलावलेल्या परभणीच्या बाईला ‘शाब्बास बेटा’ एवढेही तेथे लिहिता येत नाही. मात्र त्याच कुलुपामुळे त्या मुलीच्या जातीवरून गरळ ओकणाऱ्यांचेही तोंड बंद होते, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. नियम सरसकट वाईट नाही. त्याला शिवी आणि शाबासकी यांतला फरक कळत नाही, आणि तो कळावा यासाठी पैसा खर्च करण्यापेक्षा दार बंद करणे कंपनीला स्वस्त पडते.

आता आपल्या देशाच्या कायद्याकडे वळू. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांतील मुख्य कर्तव्ये पाळण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. या अधिनियमाचे नववे कलम मुलांविषयी आहे. अमेरिकेत मूल तेराव्या वर्षी या कायद्यातून बाहेर पडते. आपल्याकडे अठरा पूर्ण होईपर्यंत ते मूलच. त्याची माहिती वापरण्यापूर्वी आई, बाप किंवा कायदेशीर पालक यांची पडताळता येण्याजोगी संमती हवी. मुलावर पाळत ठेवता येणार नाही, त्याच्या वागणुकीचा माग काढता येणार नाही, त्याला लक्ष्य करून जाहिरात दाखविता येणार नाही. भंग झाला तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत.

या कलमाच्या केंद्रस्थानी कोणते मूल आहे? ज्याचा बाप संध्याकाळी घरी येतो, ज्याच्या आईचा स्वतःचा मोबाइल आहे, ज्या घरातील कागदपत्रे फायलीत लावलेली असून ज्यांची नावे सर्व कागदांवर एकसारखी आहेत, ते मूल. नियमांत संमतीची पडताळणी पालकाच्या ओळखीच्या आणि वयाच्या खात्रीशीर तपशिलावरून किंवा डिजिटल लॉकरसारख्या सेवेने दिलेल्या खुणेवरून करण्याची सोय आहे. आमच्या जिल्ह्यात अंबड-घनसावंगीकडची कितीतरी माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. लेकरू आजीजवळ राहते. त्या घरात डिजिटल लॉकर उघडणारा एकच इसम असतो आणि तो आठवीत शिकत असतो. बापाचा आधार क्रमांक त्याला पाठ आहे, बापाला नाही. कायदा ज्याला पालकाची संमती म्हणतो, ती अशा घरात मुलाने बापाच्या वतीने स्वतःलाच दिलेली परवानगी असेल. ज्यांच्या घरात पहिली पदवी आपण स्वतः घेतली, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. घरातील कागदाचा कर्ता आपल्याकडे नेहमीच सर्वांत धाकटा शिकलेला असतो. कायद्याने गृहीत धरलेली बापाची देखरेख आपल्या घरात प्रेमाच्या अभावी कमी पडत नाही. ती पोटासाठी गाव सोडावे लागल्यामुळे आणि अक्षर नाकारले गेल्यामुळे कमी पडते.

दुसरी गोष्ट अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांची. लातूरच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शिकवणीची फी ज्यांना झेपत नाही, ती आमची मुले यूट्यूबवरच्या फुकट शिकवण्यांवर परीक्षा देतात. शिकविणाऱ्याला पैसे मिळतात ते जाहिरातीतून. सोळा-सतरा वर्षांचा हा सारा प्रेक्षक ‘मूल’ ठरला आणि त्याला उद्देशून जाहिरात दाखविणे बंद झाले, की फुकट शिकविणाऱ्याचा वाटा आटेल. तो पैसे घेऊन शिकविणाऱ्या ॲपकडे जाईल किंवा शिकविणे थांबवील. नियमांनी शैक्षणिक संस्थांना शिक्षणापुरती आणि सुरक्षिततेपुरती मुभा दिली आहे. परंतु घरातल्या भिंतीवर फळा टांगून एकट्याने शिकविणारा माणूस म्हणजे संस्था नव्हे. संस्था असणे हेही आपल्या समाजात वारशानेच येत आले आहे.

तर मग खासगीपणाचा हा कायदा आपल्याला नको आहे काय? असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घातक ठरेल. व्यापारी कंपन्यांना हा निष्कर्ष फार आवडेल. गरिबांच्या नावाने रडून पाळत चालू ठेवणे त्यांना जमते. आपली भूमिका निराळी असली पाहिजे. खासगीपणा ही पोट भरलेल्यांची चैन आहे, हा समज मुळातच चुकीचा आहे. बाबासाहेबांनी १९४७ साली ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात जे मूलभूत हक्क मागितले, त्यांत शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण हा हक्क होता. संविधानाच्या मूलभूत हक्कांत तो तसा उतरला नाही. सत्तर वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला.

बाबासाहेबांना या हक्काची निकड का वाटली असावी, हे आपल्याला कळते. आपले काहीच कधी खासगी नव्हते. वस्ती गावाबाहेर होती, म्हणून पत्त्यावरून जात कळे. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाला डिसेंबर २०२० मध्ये घ्यावा लागला, यावरून तो पत्ता किती काळ टिकला ते दिसते. आडनावावरून जात कळे. शिष्यवृत्तीची यादी सूचनाफलकावर लागली की सारा वर्ग ओळखू लागे. ज्याचे सर्व काही चव्हाट्यावर होते, त्याला खासगीपणाची किंमत अधिक कळते. आणि आजचे पाळत ठेवणारे यंत्र या गोष्टीत गावच्या पाटलाहून कमी नाही. ते जात विचारीत नाही; त्याला विचारण्याची गरजच नाही. मूल कोणत्या वस्तीत राहते, एप्रिल महिन्यात कोणती गाणी ऐकते, सहा डिसेंबरला काय पाहते, कोणत्या शिष्यवृत्तीची चौकशी करते, एवढ्यावरून जातीचा अंदाज बांधणे त्याला अवघड नाही. अशा अंदाजावरून उद्या कोणाला कोणत्या नोकरीची जाहिरात दाखवायची आणि कोणाला कर्जाची, हे ठरू शकते. म्हणून नवव्या कलमातील पाळतीवरची बंदी आपल्या हिताची आहे. ती सैल होता कामा नये. आपला आक्षेप बंदीला नाही. त्या बंदीची किंमत कोणाकडून वसूल होते, याला आहे.

याहून मोठा आक्षेप पुढे आहे. हे सर्व नियम मुलाकडे कोणत्या नात्याने पाहतात? ग्राहक म्हणून, पडद्यासमोर बसलेला प्रेक्षक म्हणून. त्याने काय पाहिले याची नोंद चोरली जाऊ नये, एवढी त्यांची काळजी. पण पडद्याच्या आत जे मूल दिसते आहे, त्याचे काय? पाहणाऱ्या मुलाचा खासगीपणा कायद्याला दिसतो. दाखविल्या जाणाऱ्या मुलाचा खासगीपणा याच कायद्यांना धूसर दिसतो. आपल्या अधिनियमातून वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती वगळलेली आहे. घरच्यांनी घरात केलेला मुलाचा व्हिडिओ घरगुती मानायचा की त्यावर जाहिरात लागताच तो धंदा मानायचा, याचे सरळ उत्तर कलमात नाही. सुखवस्तू घरातील मूल पडद्यावर केक कापते. आमच्या वस्तीतील मूल पडद्यावर दुसऱ्याच्या हातून वही घेते. वाटप करणारा हसत असतो, कॅमेरा मुलाच्या फाटक्या सदऱ्याजवळ जातो आणि खाली गावाचे नाव येते. त्या लेकराला विचारले कोणी? आणि तो व्हिडिओ लाखोंनी पाहिला, तर पैसे कोणाला?

या प्रश्नाचे सर्वांत भेसूर रूप महाराष्ट्राने जून २०१८ मध्ये पाहिले. जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यातील वाकडी गावात मातंग समाजाच्या मुलांना विहिरीत पोहल्याबद्दल नग्न करून मारहाण झाली. मारहाणीचा व्हिडिओ काढला गेला आणि पसरविला गेला. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा एक्याण्णव वर्षे झाली होती. हाच व्हिडिओ पुढे पुरावा ठरला, त्यानेच देशभर संताप उसळला आणि राष्ट्रीय पातळीवरच्या एका पक्षाध्यक्षाने, राहुल गांधी यांनी, तो आपल्या खात्यावरून पुढे दिला. त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाने त्यांना मुलांची ओळख उघड केल्याबद्दल नोटीस काढली. अत्याचारग्रस्त मुलाची ओळख उघड करणे बालन्याय अधिनियमाने आणि लैंगिक अपराधांपासून मुलांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याने निषिद्ध आहे. नोटिशीला कायद्याचा आधार होता.

या घटनेत कॅमेऱ्याची दोन रूपे एकाच चित्रात दिसतात. एक, जातीचा जुना चव्हाटा आता खिशात मावू लागला. धिंड पूर्वी एका गावापुरती होती, ती आता देशभर निघते. दोन, ज्यांचे साक्षीदार फितूर होतात त्यांना हाच कॅमेरा साक्षीदार मिळाला. खर्ड्याच्या सतरा वर्षांच्या नितीन आगेचा खून २०१४ साली झाला आणि २०१७ साली सत्र न्यायालयातून आरोपी सुटले, कारण साक्षीदार उलटले. हे स्मरण असणारा कोणताही दलित माणूस कॅमेरा बंद करा असे म्हणणार नाही. आपले म्हणणे इतकेच, की लेकराचा चेहरा झाका, गुन्हा झाकू नका. हे तंत्राला अशक्य नाही. अब्रू राखण्याच्या नावाखाली अत्याचारच दिसेनासा होणे आणि अत्याचार दाखविण्याच्या नावाखाली लेकराची पुन्हा धिंड काढणे, ही दोन्ही टोके टाळण्याची जबाबदारी व्हिडिओ पुढे देणाऱ्या प्रत्येकाची आहे, आपल्या चळवळीतल्या माणसांचीही.

दाखविल्या जाणाऱ्या मुलासाठी कायदा काहीच नाही असे नव्हे, पण तो दुसऱ्या कपाटात ठेवलेला आहे. बालमजुरीच्या कायद्याखाली २०१७ साली जे नियम झाले, त्यांनुसार बालकलाकाराला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून कामाला लावता येत नाही, दिवसाला पाच तासांवर काम घेता येत नाही आणि त्याच्या मिळकतीचा निदान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. हे नियम सिनेमा आणि मालिकांच्या निर्मात्यांना डोळ्यांसमोर ठेवून झाले. रोज घरच्या अंगणात मुलाला नाचवून चॅनल चालविणारा बाप कोणत्या जिल्हाधिकाऱ्याकडे जातो? शिवाय त्याच कायद्यात २०१६ साली कुटुंबाच्या धंद्यात शाळेनंतर मदत करणाऱ्या मुलाला वगळण्यात आले. ही पळवाट बापाचा जातिधंदा पोराच्या गळ्यात बांधील, अशी टीका तेव्हाच झाली होती. आता तीच वाट मोबाइलपर्यंत येते. फ्रान्सने २०२० साली आणि अमेरिकेतील इलिनॉय राज्याने २०२४ पासून व्हिडिओतील मुलांच्या कमाईला संरक्षण दिले. आपल्याकडे खासगीपणाचा कायदा एका खात्याकडे आणि बालश्रमाचा दुसऱ्या खात्याकडे, आणि लेकरू मध्ये उभे.

या गुंत्यातून वाट दाखविणारे तत्त्व कोठे शोधावे? मला ते आपल्याच वाङ्मयात दिसते. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, लक्ष्मण मानेंचा ‘उपरा’ १९८० साली, शरणकुमार लिंबाळे यांची ‘अक्करमाशी’ १९८४ साली. या लेखकांनी आपले बालपण, आपली भूक, आपल्या आईची अवहेलना जगापुढे मांडली. तेव्हा समाजातूनच प्रश्न आला होता, की आपली उघडी जखम पांढरपेशा वाचकाला का दाखवायची? तो प्रश्न क्षुद्र नव्हता. तो खासगीपणाचाच प्रश्न होता. त्याचे उत्तर काळाने दिले. ज्याने ते बालपण भोगले, त्याने स्वतः, जाणतेपणी, स्वतःच्या शब्दांत ते सांगितले, म्हणून ते प्रदर्शन ठरले नाही, साक्ष ठरले. बेबी कांबळे यांनी आपले लिखाण कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. काय लपवायचे आणि केव्हा उघड करायचे, हा निर्णय त्यांचा स्वतःचा होता. खासगीपणा याचा अर्थ गुपित नव्हे. आपली गोष्ट सांगण्याची वेळ आणि आपली भाषा आपण ठरविणे, हा त्याचा अर्थ. आजचा व्हिडिओ लेकराकडून नेमके हेच काढून घेतो. उद्या त्याला आपले ‘बलुतं’ लिहावेसे वाटेल, तेव्हा त्याचे बालपण दुसऱ्या कोणीतरी आधीच विकून टाकलेले असेल.

या तत्त्वाची दुसरी बाजूही तितकीच पक्की धरली पाहिजे. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, फुले दांपत्याच्या शाळेतील चौदा वर्षांची विद्यार्थिनी. आजच्या अधिनियमाने ती मूल आहे. रक्षणाच्या नावाखाली मुलांना मुके करणारा नियम तिला अगोदर बापाच्या अंगठ्याचा ठसा मागेल, आणि तो मिळेपर्यंत दीडशे वर्षे जातील. तिला कोणी दाखविले नव्हते. ती बोलली होती. नियम करणाऱ्यांनी दाखविले जाणारे मूल आणि बोलणारे मूल यांतील हा फरक ओळखला पाहिजे. नऊ वर्षांच्या मुलीने स्वतः पाठ करून, स्वतः हट्ट धरून केलेले चवदार तळ्याचे भाषण आणि तिच्या फाटक्या सदऱ्याचा कोणी केलेला व्हिडिओ, ही एका मापाने मोजण्याची गोष्ट नाही.

म्हणून काही मागण्या स्पष्ट शब्दांत मांडतो. मुलांवरच्या पाळतीची बंदी कायम राहावी, पण तिचा भुर्दंड कंपनीने सोसावा; मुलांसाठीच्या व्हिडिओंवर विषयानुरूप जाहिरातीतून लहान व्हिडिओकाराला मिळणारा वाटा वाढवून द्यावा. व्हिडिओ मुलांसाठी आहे की नाही, हे ठरविण्याचे निकष मराठीत, सोप्या भाषेत आणि ऐकता येतील असे द्यावेत. ज्या व्यासपीठाचा व्यवहार मुलांसाठी सुरक्षित असल्याची खात्री पटेल, त्याच्यापुरती वयाची अट खाली आणण्याचा अधिकार नवव्या कलमाने सरकारला दिलेला आहे. शिक्षणाच्या व्हिडिओंपुरता तो सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी वापरावा. स्थलांतरित मजुरांच्या मुलांच्या बाबतीत संमतीची रीत त्यांचे जगणे पाहून ठरवावी. आणि पडद्यावर दिसणाऱ्या मुलाला, ते अठरा वर्षांचे झाल्यावर, आपले चित्र काढून टाकण्याचा व त्यावरील कमाईत वाटा मागण्याचा हक्क असावा, मग कॅमेरा बापाचा असो, शिक्षकाचा असो वा दानशूराचा.

काही गोष्टींसाठी मात्र कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जयंतीच्या भाषणाखाली मुलीचे पूर्ण नाव, शाळा, इयत्ता आणि वस्ती लिहिण्याची प्रथा आपणच मोडू शकतो. भाषणाला वजन पत्त्याने येत नाही. व्हिडिओ टाकण्यापूर्वी तिला तो दाखवून ‘टाकू का?’ असे विचारता येते, आणि ती नको म्हणाली तर तिचे ऐकता येते. ज्या समाजाला शतकानुशतके कोणी काही विचारले नाही, त्याने आपल्या लेकरांना विचारण्याची रीत पाडली, तर कोणत्याही अधिसूचनेहून ती अधिक टिकेल.

जुना जालना